खालच्या खाचराची उघाडी

माझा थोरला भाऊ इझाक दुतार्क याने वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षापर्यंत कोणावर हात उगारलेला मी पाहिला नव्हता. त्या कामासाठी त्याच्याकडे माणसे होती. सँटी नदीच्या काठावर, समुद्राची भरती चढते तिथे, आमची तीनशे एकर भातशेती होती, आणि भाताखेरीज दादाला दुसरा कसलाच नाद नव्हता. तळहातावर चार दाणे चोळून, फुंकर घालून, तुसाखालचा दाणा दुधाळ आहे की काचेसारखा हे तो उन्हात धरून पाही, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर एक मऊपणा उतरे. त्याची बायको पहिल्या बाळंतपणात मूल पोटात घेऊनच गेली. त्यानंतर तो मऊपणा फक्त दाण्यांच्या वाट्याला आला.

आमच्या काठावर गुलामांकडून उक्त्याने काम करून घेण्याची रीत होती. एका माणसाला दिवसाला पाव एकर. ते संपले की उरलेला दिवस त्याचा. मग तो आपली रताळी खणो, मासे धरो, नाहीतर झाडाखाली पडून राहो. चाबूक आमच्याकडेही होता. उक्ते अपुरे राहिले तर तो चाले, आणि मोजून चाले. परंतु उक्ते संपल्यावर कोणाला दुसरे काम सांगितलेले मला आठवत नाही. शेजारचे मळेवाले कापणीच्या घाईत रीत मोडत, दादा मोडत नसे. "एकदा मोडली की ती रीत राहत नाही, पॉल," तो मला म्हणे, "नुसती आपली लहर राहते." ह्या एका गोष्टीचा त्याला फार अभिमान होता, आणि तेवढ्यावर आपण न्यायी आहोत असे तो मानत असे.

बांधातल्या उघाड्या, म्हणजे नदीचे पाणी खाचरांत घ्यायची-सोडायची झडपांची दारे, आमचा गुलाम मिंगो सांभाळी. भरतीला कोणती झडप किती वर घ्यायची, ओहोटीला कोणती सोडायची, हे दादाच्या वहीत तारखांनिशी लिहिलेले असे. मिंगोच्या मात्र ते हातात होते. मला लहानपणापासून माणसांत बोलायचे भय वाटे, म्हणून मी मिंगोपाशी जाऊन बसे. तो क्वचितच बोले, आणि बोलला तर पाण्याबद्दल. "दोन खाचरं नेहमी बरोबरीनं भरायची, धाकले धनी," असे त्याने मला कितीदा तरी सांगितले असेल. "एक भरलेलं आणि एक कोरडं ठेवलं तर मधला बांध कुशीवर वळतो." दादा उघाडीपाशी घोड्यावरून येई, वही उघडी, आणि घोड्यावरूनच निघून जाई.

मग वसाहतींनी राजाविरुद्ध बंड केले, आणि बंडवाल्यांच्या हातातले चार्ल्सटाउन शहर राजाच्या फौजेपुढे पडले. दादा आणि आमचा मधला भाऊ एतियेन दोघेही तिथे कैद झाले, आणि पुन्हा शस्त्र धरणार नाही असा शब्द देऊन घरी परतले. महिनाभर दोघांनी तो पाळला. पुढे राजाच्या सेनापतीचे फर्मान निघाले: नुसते घरी बसणे चालणार नाही, एकतर राजाच्या बाजूने बंदूक उचला, नाहीतर शत्रू ठरा. एतियेन हसून म्हणाला, "शब्द त्यांनीच मोडला, मी नाही," आणि सहा बंदुका गाडीत पेंढ्याखाली घालून दलदलीत लपलेल्या बंडवाल्यांकडे निघाला. नदीच्या उतारावर, होड्या लागायच्या धक्क्यापाशी, राजाच्या बाजूच्या कॅप्टन स्कीनने त्याला पकडले. हा बार्नाबी स्कीन आमच्या वरच्या अंगाचा शेजारी. नाताळात आमच्याकडे जेवून गेलेला. उतारावर तांदळाची पिंपे तोलायचा दांडा आहे, त्याला त्याने एतियेनला टांगले. दांडा नदीवर झुकलेला होता आणि ते दिवस उधाणाचे होते. आम्ही त्याला सोडवायला पोचलो तेव्हा भरतीचे पाणी त्याच्या घोट्यांपर्यंत चढले होते आणि त्याच्या बुटांत कोळंबी शिरली होती.

दादाने ती एकेक वेचून बाहेर टाकली, बूट पुन्हा त्याच्या पायांत घातले, नाड्या बांधल्या. त्याच आठवड्यात आम्ही दोघे दलदलीत गेलो.

आमच्या स्वयंसेवकांत अंमलदार हात वर करून निवडायची पद्धत होती. दादाला त्यांनी आधी कॅप्टन केले, आणि कर्नल तापाने मेल्यावर कर्नल. लढाईतही त्याने भातशेतीचाच काटेकोरपणा आणला. किती पावलांवर गोळी झाडायची, किती काडतुसे कोणाला, हे सगळे तो मला लिहून घ्यायला लावी. त्याचा लेखनिक मीच होतो. पहिला माणूस त्याने पाइनच्या रानात मारला. तो कोवळा पोर बंदूक टाकून गुडघ्यांवर बसला होता आणि दादाच्या रिकिबीला धरून आपल्या आईचे नाव सांगत होता. दादाने ते नाव शेवटपर्यंत ऐकून घेतले, मग वार केला. वार नीट बसला नाही, दुसरा करावा लागला, तिसरा करावा लागला. नंतर पाइनच्या सुयांनी तलवार पुसताना तो मला म्हणाला, "हात अजून बसला नाही." त्याच्या आवाजात पश्चात्ताप शोधण्याचा मी खूप प्रयत्न केला. होती ती फक्त काम नीट न जमल्याची खंत.

नऊ महिन्यांत हात बसला.

मार्चमध्ये बातमी आली की स्कीन साठ घोडेस्वार घेऊन आमच्या मळ्यावर येतो आहे, कोठारातले भात न्यायला. उतारापासून घरापर्यंत एकच रस्ता, दोन्ही बाजूंच्या वरच्या खाचरांमधून जाणारा. पेरणीपूर्वीची ती खाचरे कोरडी होती आणि स्कीनच्या हेरांनी ती कोरडीच पाहिली होती. दादाने वही उघडून उधाणाची तिथी पाहिली. मग मिंगोला बोलावले.

"पहाटे भरती लागली की वरच्या दोन्ही खाचरांच्या उघाड्या उचल. उजाडायच्या आत गुडघाभर पाणी हवं."

मिंगो जमिनीकडे पाहत उभा होता. राजाच्या लोकांनी पळून येणाऱ्या गुलामांना मोकळीक देऊ केली आहे, हे त्यालाही माहीत होते आणि दादालाही. आमची चाळीस माणसे आधीच गेली होती.

"हे कसलं काम, धनी?" त्याने विचारले.

"उक्तं समज. एवढं केलंस की तू मोकळा. तू आणि बायना, दोघंही. पॉल कागद लिहील, मी सही करीन."

"एकच उक्तं?"

"एकच. वरची दोन खाचरं."

"आणि मग दिवस माझा."

"मग सगळेच दिवस तुझे," दादा म्हणाला आणि हसला. कितीतरी महिन्यांनी तो हसला होता. मिंगो हसला नाही. मी कागद लिहिला: मिंगो, वय सुमारे पन्नास, उघाड्या सांभाळणारा, आणि त्याची बायको बायना, ह्यांना आजपासून मुक्त केले आहे. सहीची जागा मोकळी ठेवून तो मेणकापडात गुंडाळला आणि छातीशी ठेवला.

उजाडताना धुके विरळ झाले आणि वरची खाचरे दोन मोठ्या आरशांसारखी दिसू लागली. पाण्यावर गेल्या वर्षीची धसकटे तरंगत असल्यासारखी दिसत होती. बगळे येऊन बसले होते. सकाळचे इतके सुंदर दृश्य पाहून माझ्या मनात आले की आज कोणी येऊ नये.

ते आले. दोनदोनच्या रांगेने, गप्पा मारत. आम्ही घराकडच्या बांधाआड पालथे पडलो होतो, पंचेचाळीस बंदुका. माझ्याशेजारी सार्जंट ॲबनर टल तंबाखू चघळत होता.

"काय वाटतं, पॉलसाहेब," तो कुजबुजला, "यांच्या घोड्यांना पोहता येत असेल?"

"गप्प बस, ॲबनर."

"माझ्या सासूला येत नव्हतं. पण ती घोड्याहून जड होती."

दादाने हात खाली आणला. पहिल्या फैरीत रस्त्यावरची पहिली चार घोडी कोसळली आणि रस्ता बंद झाला. मागच्यांनी कोणताही घोडेस्वार करील तेच केले: दोन्ही बाजूंना पांगून आमच्यावर चालून यायला घोडी पाण्यात घातली. पाणी गुडघाभरच होते. परंतु ती माणसे डोंगराकडची. बांधाच्या कडेने पुरुषभर खोल चर असतो आणि पाण्याखाली तो दिसत नाही, हे त्यांना कोण सांगणार? ते ठाऊक असलेला स्कीन रांगेच्या शेवटी होता. पहिली रांग चरात नाहीशी झाली. घोडी मानेपर्यंत बुडाली, किंचाळली, एकमेकांवर चढली, स्वारांना खुरांखाली दाबून वर यायला पाहू लागली. जे चर ओलांडून गेले ते चिखलात पोटापर्यंत रुतले. आणि आम्ही बंदुका भरत राहिलो, झाडत राहिलो. तीस पावले. वीस. नंतर टल आणि त्याचे सोबती कुदळी घेऊनच खाली उतरले, कारण दारू वाचवायची होती. चिखलात रुतलेला माणूस मागे वळू शकत नाही. कुदळीचा आवाज आमच्या काठावर मार्चमध्ये दररोज ऐकू येतो. ओल्या मातीतला आणि त्या सकाळचा, ह्या दोन आवाजांत मला फरक करता येईना, म्हणून मी कान झाकले. बगळे केव्हा उडाले ते मी पाहिले नाही.

पाऊण तासात सारे शांत झाले. काही मागे पळाले. अकरा जण हात वर करून रस्त्यावर उभे राहिले, त्यांत कॅप्टन स्कीन होता. त्याच्या कानाची पाळी तुटून लोंबत होती आणि तोंडभर चिखल होता.

"दुतार्क," तो थुंकत म्हणाला, "तुझ्या भातापेक्षा तुझा चिखलच जास्त पिकतो की रे."

"अजून पीक हाती आलेलं नाही," दादा म्हणाला.

त्याने त्या अकरा जणांना मधल्या बांधापलीकडे, खालच्या खाचरात नेले. ते खाचर कोरडे होते. पेरणीच्या रांगा आखायला तिथे खुंट ठोकलेले असतात, बाभळीसारख्या चिवट लाकडाचे. एकेका खुंटाशी एकेक माणूस बसवून, हात मागे नेऊन बांधला. भरती संपायला अजून तास होता. मग दादाने मिंगोला हाक मारली आणि खालच्या उघाडीकडे बोट दाखवले.

"उचल."

टलने तंबाखू चघळायची थांबवली.

मिंगो वरच्या उघाडीपाशी पाय सोडून बसला होता. तो उठून उभा राहिला. "उक्तं संपलं, धनी."

"काय?"

"वरची दोन खाचरं म्हणालात. दोन भरली. उक्तं संपलं."

दादाचा चेहरा लाल झाला नाही. तो फिकट झाला. "कागदावर अजून सही नाही, मिंगो."

"ठाऊक आहे."

"ही उघाडी उचल, इथेच सही करतो. नाही उचललीस तर कागद नाही. तू नाही, बायना नाही. आणि हे कोण लागतात तुझे? तो तिसऱ्या खुंटाचा ओळखलास? स्कीनचा मुकादम. तुझ्या भाच्याची पाठ त्यानेच सोलली होती."

"ओळखलं," मिंगो म्हणाला. "बुडाला तर मी रडणार नाही."

"मग?"

मिंगो एकेक शब्द तोलत बोलला. "तीस वर्षं तुमचं उक्तं केलं. संपलं की संपलं. तेवढंच एक माझं होतं. आज संपल्यावर दुसरं घेतलं, तर उद्या तिसरं येईल. मग तो कागदही तसलाच. सही केलेला असला तरी."

दादाने पिस्तूल काढून त्याच्या कपाळाला लावले. मी पुढे गेलो. माझे पाय पुढे गेले, असे म्हणणे अधिक खरे होईल. "दादा," मी म्हणालो, "तू शब्द दिलास. मी लिहून घेतला आहे."

"एतियेनलाही कोणीतरी शब्द दिला होता, पॉल."

"त्यात मिंगोचा काय दोष?"

त्याने माझ्याकडे पाहिले. त्या क्षणी मला तळहातावर दाणे चोळणारा माझा भाऊ दिसला असे लिहावेसे वाटते. पण दिसला नाही. तिथे एक थकलेला, तापलेला माणूस होता, आणि त्याला खुंटांशी बांधलेल्या अकरा माणसांच्या गळ्यापर्यंत पाणी चढताना पाहायचे होते, त्यापलीकडे त्याला काहीही नको होते. त्याने पिस्तूल उलटे करून मिंगोच्या तोंडावर मारले. दात तुटल्याचा आवाज मी ऐकला. मिंगो खाली बसला, तोंडावर हात धरून, आणि त्याच्या बोटांतून रक्त गळू लागले.

"मळा माझा आहे," दादा म्हणाला. "उघाडीही माझीच."

आणि तो स्वतः निघाला.

खालची उघाडी नदीचा बांध आणि मधला बांध जिथे मिळतात त्या कोपऱ्यात होती. मधल्या बांधाच्या एका अंगाला वरचे खाचर काठोकाठ भरलेले. दुसऱ्या अंगाला कोरडी जमीन आणि अकरा माणसे. थंडीभर खेकड्यांनी पोखरलेला तो बांध पहाटेपासून पाणी पीत होता. कोपऱ्यावर तो फुगला होता. त्याच्या कुशीतून बोटाएवढी धार सुटलेली मला दिसत होती. आता ह्या कोपऱ्यात नदीचे पाणी जोराने आत घेतले तर बांधाचा पाया धुऊन जाईल, हे मला माहीत होते. मी खाली बसलेल्या मिंगोकडे पाहिले. तोही त्या धारेकडेच पाहत होता. मग त्याने माझ्याकडे पाहिले, आणि आम्ही दोघेही काही बोललो नाही.

दादापासून मी चाळीस पावलांवर होतो. "दादा, थांब" एवढे म्हणायला एक श्वास पुरतो. दादाने कोट काढून बांधावर ठेवला, घडी करून. तरफेत दांडा घातला. त्याला ते काम येत नव्हते. दांडा दोनदा निसटला, दोनदा त्याने तो पुन्हा बसवला. खालून स्कीन ओरडला, "मुकादम ठेव एखादा, दुतार्क, तुझ्याच्याने होत नाही ते!" तेवढा सारा वेळ माझ्याजवळ होता. मी तो वापरला नाही.

झडप उचलली. पाणी आत आले, आधी नुसते पिवळसर जिभेसारखे, मग गर्जत. दादा तरफेवर वाकून ते पाहत होता. त्याच्या पायाखालचा बांध आधी खचला नाही. तो मिंगो म्हणे तसा कुशीवर वळला, झोपेतला माणूस वळतो तसा, सावकाश. मग नदी आणि वरचे खाचर एकदमच त्या खिंडारातून आत कोसळले. उघाडीची लाकडी पेटी उपटून वर आली आणि दादाच्या छातीवर आपटून त्याला खाली घेऊन गेली. त्याने हाक मारली. कोणाला, ते पाण्याच्या आवाजात कळले नाही.

खाचरात पाणी पळत शिरले. बांधलेली माणसे किंचाळू लागली. आमची माणसे बांधावर खिळल्यासारखी उभी होती. कर्नल नाही, हुकूम नाही. तेव्हा मिंगो उठला. रक्ताने भरलेले तोंड पुसून त्याने टलच्या कमरेचा सुरा उपसून घेतला आणि पाण्यात उडी टाकली. त्याला कोणी सांगितले नव्हते. मी त्याच्या मागे गेलो, आणि मग टल, शिव्या देत.

पहिले चार खुंट खिंडाराच्या तोंडाशी होते. तिथली माणसे आम्ही पोचण्यापूर्वीच संपली होती; एकाची मान खुंटाला अडकून मोडली होती. बाकीच्यांचे दोर मिंगो एकामागून एक कापत गेला. मुकादमाचाही कापला, त्याच्या तोंडाकडे न पाहता. शेवटचा स्कीन. पाणी त्याच्या हनुवटीला लागले होते आणि तो मान मागे टाकून आकाशाकडे पाहत होता.

"तू?" तो गुळण्या करत म्हणाला. "तू कशाला वाचवतोस मला?"

"आज मला सुटी आहे," मिंगो म्हणाला आणि दोर कापला.

सात जण वाचले. टलने त्यांना घराकडे हाकत नेले; त्यांना मारावे असे कोणाला सुचले नाही, किंवा सुचले तरी कोणी बोलले नाही. मी आणि मिंगो बांधाच्या उरलेल्या भागावर चढलो. दादाचा कोट तिथेच होता, घडी केलेला, कोरडा. नदी खिंडारातून आत-बाहेर श्वास घेत होती. दादाचे शरीर ओहोटीपर्यंत मिळणार नव्हते.

"धाकले धनी," मिंगो म्हणाला. तुटलेल्या दातांमुळे त्याचे शब्द ओले येत होते. "कागद आहे?"

मी मेणकापड सोडले. कागद एका कोपऱ्यात भिजला होता, अक्षरे शाबूत होती. मागे ठेवलेल्या लेखनाच्या डब्यातली दौत आणली, गुडघ्यावर फळी ठेवली, आणि दादाच्या सहीसाठी ठेवलेल्या जागेत माझे नाव लिहिले.

"हे कोणाचं नाव?"

"माझं."

"तुमचं चालतं?"

"आता मळा माझा आहे," मी म्हणालो, आणि बोलून झाल्यावर ते वाक्य कोणाचे होते ते मला आठवले.

मिंगोने कागद दोन्ही हातांनी कडांवर धरून घेतला. शाई ओली होती. ती वाळेपर्यंत तो उन्हात तसाच उभा राहिला. मीही उभा राहिलो.

"बांधाची धार तुम्हाला दिसली होती," तो कागदाकडेच पाहत म्हणाला.

"दिसली होती."

"ओरडला नाहीत."

"तूही नाही."

"मला कशाला? माझं उक्तं संपलेलं." कागदावरून नजर उचलून तो म्हणाला, "तुमचं नव्हतं."

त्याने शाईला बोट लावून पाहिले, कागदाची घडी केली आणि बायनाला आणायला झोपड्यांकडे निघाला. मी बांधावर बसून ओहोटी लागायची वाट पाहू लागलो.